पुसेगाव की पुसेसावळी? तिसरी-चौथीच्या वाचनाच्या नोंदी, २०२५-२६

१८ जून २०२५

शाळा सोमवारी उघडली. पताका, औक्षण, नवी पुस्तकं, गोड शिरा, फोटो, सगळं रीतसर पार पडलं. आजपासून खरं काम.

पुढे गोंधळ नको म्हणून आधी लिहून ठेवते. खटाव तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट २७. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझी मुलं १३.

आज एकेकाला लिंबाखाली जवळ बसवून वाचायला दिलं. आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग गोष्ट. 'असर' या वाचन-गणिताच्या पाहणीवाले गावोगाव फिरून हेच चार टप्पे तपासतात. सहा जणांनी गोष्ट वाचली. चौघं उताऱ्यात ठेचकाळत का होईना शेवटापर्यंत गेले. तिघं मात्र अक्षरांपाशीच. तिसरीतली दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि चौथीतला एक थोराड पोरगा. त्याच्या घरी मेंढरं आहेत. दसऱ्यानंतर बाप मेंढपाळांच्या वाड्याबरोबर हिंडायला लागला की हा महिना-दीड महिना त्याच्याबरोबर.

या वर्षीचा प्रकल्प म्हणजे हे तिघं. वहीत प्रत्येकाला चार-चार पानं. 'येत नाही' असं कुठेही लिहायचं नाही, 'नेमकं काय वाचलं' तेच लिहायचं, हा माझ्यापुरता नियम.

२४ जून

थोराड पोरगा बाराखडी धडाधड म्हणतो. क का कि की, न थांबता क्षज्ञपर्यंत. भिंतीवरच्या तक्त्यावर बोटही फिरतं. आज सहज बोटाकडे पाहिलं. तोंड 'कै'वर आणि बोट अजून 'कू'वर.

मग फळ्यावर नुसतं 'मि' काढलं. तो गप्प. थोड्या वेळानं ओठ हलायला लागले. म, मा, मि. तिसऱ्या पायरीवर येऊन म्हणाला, "मि!" म्हणजे त्याला 'मि' ओळखता येत नाही, मोजून काढता येतो. आणि 'मिरची' वाचायला दिल्यावर त्यानं तीन वेळा मुळापासून चढाई केली. तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचतो तोवर पहिलं विसरलेला.

तीन वर्षं त्याच्या बाराखडीला 'चांगली' असा शेरा आहे. त्यातला एक माझाच.

३० जून

काल सरकारनं पहिलीपासूनच्या हिंदीचे दोन्ही निर्णय मागे घेतले, १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा. शिक्षकांच्या ग्रुपवर दिवसभर तेच. तिसरी भाषा कुठल्या इयत्तेपासून असावी यावर प्रत्येकाला मत आहे. मलाही आहे. पण माझ्या तिघांचा मुक्काम अजून पहिल्या भाषेच्या वेशीवर.

८ जुलै

तिसरीतल्या मुलाबद्दल त्याची आई ठामपणे म्हणते, "बाई, त्येला वाचता येतंय. यष्टीवरचं नाव वाचून सांगतोय की." आज मधल्या सुट्टीत त्याला फाट्यावर घेऊन गेले. गाडी आली. पोरगं ओरडलं, "पुसेगाव!" बरोबर.

परत आल्यावर फळ्यावर 'पुसेगाव' लिहिलं. जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "पुसेगाव." वा! मग खाली लिहिलं 'पुसेसावळी'. तेही "पुसेगाव." मग 'पुसतो'. तेही पुसेगावच. ठामपणे. आमच्या तालुक्यात ही दोन्ही गावं आहेत आणि दोन्हींच्या गाड्या याच फाट्यावरून जातात, म्हणून परीक्षा चांगली झाली. तो 'पु' बघतो आणि बाकीचं गाडीची वेळ, रंग, ड्रायव्हर यांवरून भरून काढतो. हुशारी आहे त्यात. पण हे वाचन नव्हे.

पुस्तकातही तेच चालतं. चित्रात शेळी असली की 'बकरी' या शब्दाला तो शेळी म्हणतो आणि आम्ही 'अर्थ कळला ना' म्हणून पुढे जातो. अमेरिकेत याच मुद्द्यावर मोठी भांडणं झाली. चित्र आणि संदर्भ बघून शब्दाचा अंदाज करायला शिकवणारी पद्धत तिथं वर्षानुवर्षं चालली. २००० साली तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं ध्वनी आणि अक्षर यांची जोडी रीतसर, उघडपणे शिकवा असं सांगितलं, तरी वर्गात ती पद्धत टिकून होती. मिसिसिपी हे गरीब राज्य. त्यांनी २०१३ साली कायदा केला, शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं हेच नव्यानं शिकवलं, आणि चौथीच्या मुलांची राष्ट्रीय चाचणीतली कामगिरी सुधारून दाखवली.

हे सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. इंग्रजीत २६ अक्षरं आणि चाळीसच्या वर ध्वनी, एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. आपल्याकडे ध्वनीला अक्षर बरंचसं ठरलेलं, पण चिन्हं शेकड्यांनी. व्यंजनं तीस-पस्तीस, प्रत्येकाची बारा रूपं, वर जोडाक्षरं. त्यांचं मूल नियम फसवे म्हणून अडखळतं आणि आपलं ढीग मोठा म्हणून. दोघं अडखळल्यावर करतात मात्र एकच गोष्ट. अंदाज.

२९ जुलै

नागपंचमी, शाळेला सुट्टी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला आज पाच वर्षं झाली (मंत्रिमंडळाची मंजुरी २९ जुलै २०२०). झोके बांधून झाल्यावर, पुरणाची दिंडं उकडायला ठेवून, धोरणाचं दुसरं प्रकरण पुन्हा वाचलं. प्रशिक्षणात स्लाइडवर बघणं वेगळं आणि असं वाचणं वेगळं.

प्रकरण चांगलं आहे, हे मोकळेपणानं मान्य. १९६८ आणि १९८६ ची धोरणं मूल शाळेत कसं येईल या काळजीत होती. या धोरणानं स्पष्ट लिहिलंय की शाळेत बसलेल्या पाच कोटींहून अधिक मुलांना साधं वाचन आणि बेरीज-वजाबाकी येत नाही, आणि हे जमलं नाही तर बाकीच्या धोरणाला अर्थच उरत नाही. सरकारी कागद इतकं सरळ क्वचित बोलतो.

पुढे उपाय आहेत. तीस मुलांमागे एक शिक्षक. आमच्याकडे तर तेरा-चौदांमागे एक! कागदावर आमची शाळा परदेशात शोभेल. फक्त त्या तेरांमध्ये दोन इयत्ता, आठ-नऊ विषय, पोषण आहाराची नोंद, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती आणि मुलांच्या आधारमधल्या जन्मतारखा. मग मुलांनी मुलांना शिकवणं, गावातले स्वयंसेवक, शाळेत आणि गावात वाचनालयं. सगळं पटण्यासारखं.

जे शोधत होते ते मात्र सापडलं नाही. मूल 'मि' मोजून काढत असेल तर त्याचं काय करायचं? ही पानं कन्नड, तमिळ, मराठी सगळ्यांसाठी एकच आहेत, तेव्हा वेलांटीचा प्रश्न तिथं यावा ही अपेक्षा चूकच. मग तो कुठे यायला हवा? माझ्या डी.एड.मध्ये यायला हवा होता. तिथं भाषा अध्यापनाच्या पद्धती पाठ केल्या, पण 'ि' हे चिन्ह अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, म्हणून मूल तिथं हमखास अडतं, हे कुणी सांगितलं नाही. मला ते या वहीनं सांगितलं. तिघांच्याही पानांवर पहिल्या वेलांटीच्या चुका सगळ्यांत जास्त, दुसरीच्या कितीतरी कमी. उकाराचं मात्र उलट, तिथं दोन्ही सारखेच चुकतात.

आणि सगळ्या मुलांना हे येण्याची मुदत. धोरणात २०२५ लिहिलंय. पुढे ५ जुलै २०२१ ला निपुण भारत हे तिसरीपर्यंतच्या वाचन-गणिताचं अभियान आलं आणि मुदत २०२६-२७ वर गेली. दिंडं मात्र वेळेवर झाली.

१२ ऑगस्ट

बाराखडीचा तक्ता उतरवला. सर म्हणाले, "साहेब आले तर?" म्हटलं, धुवायला काढलाय म्हणून सांगा.

नवी मांडणी: एकदम सगळी अक्षरं नाहीत. म, क, र, ल आणि लगेच काना. चार अक्षरं आणि एक काना यांवर किती शब्द होतात बघा: मका, काका, मामा, राम, काम, लाल, माल, कमर, कमाल. दुसऱ्या दिवशी 'न' आणि 'ळ' आले की रान, कान, माळ, काळा, नकाळा (हा मुलांनी बनवला, अर्थ विचारू नका). पहिल्याच आठवड्यात पोरानं स्वतःचं असं काहीतरी वाचलं पाहिजे, एवढाच हेतू.

ही अक्कल माझी नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी मुलांना वाचायला कसं शिकवावं यावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाई, इथल्या मातीत राहून, इथल्या मुलांची बोली ऐकून काम करत होत्या. आमच्या जिल्ह्यात राहूनही मला त्यांचं नाव नोकरीच्या दहाव्या वर्षी कळलं. आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या, तशी मीही गेले होते. परत येऊन आम्ही काय केलं? फरशीवर रंगानं चौकटी आखल्या. रंग तेवढा आणला, पण तिथल्या बाईंनी मुलाच्या शेजारी जमिनीवर बसून काय काय विचारलं ते आणायचं राहिलं.

मेंढपाळाच्या पोरानं आज 'मका' वाचला. न मोजता. मग सांगितलं, "बाई, आमच्या रानात हाय." ठीक. पुढे.

२१ ऑगस्ट

पुस्तकात: 'विहिरीत पाणी नाही.' तिसरीतली मुलगी वाचते: 'हिरीत पानी न्हाय.'

नोंद कशी करायची? तीन शब्द, तीन चुका? नियमाप्रमाणे नेमकं वाचलं ते लिहिलं आणि बघत बसले. या मुलीनं अक्षरं वाचली, अर्थ लावला आणि तो आपल्या भाषेत बोलून दाखवला. 'पुसेगाव'वाल्यापेक्षा ही कोस-दोन कोस पुढे आहे. तो अक्षरं न बघता शब्द सांगतो आणि ही अक्षरं बघून शब्द सांगते, फक्त घरचा. तिला मी आज थांबवलं नाही. नंतर दोघींनी मिळून 'पाणी' आणि 'पानी' लिहून बघितलं. ती म्हणाली, "पुस्तकातलं पानी पाणी असतंय."

मातृभाषेतून शिक्षण म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर मराठी विरुद्ध इंग्रजी असतं. जतच्या बाजूला माझी एक मैत्रीण आहे. तिच्या वर्गात घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी निम्मी मुलं. तिचा प्रश्न मोठा. पण पाणी आणि पानी यांच्यात जे अंतर आहे तेही अंतरच.

९ सप्टेंबर

आज प्रतिमिनिट शब्द मोजले. निपुणचं लक्ष्य: दुसरीअखेर ४५ ते ६०, तिसरीअखेर किमान ६०, समजून. माझ्या गोष्ट वाचणाऱ्या सहांपैकी तिघंच साठच्या वर गेले आणि मी चक्रावले. ही मुलं घडाघडा वाचतात.

रात्री बसून हिशेब केला. हिंदी वाक्य घेतलं: 'राम के घर में एक गाय है'. शब्द ७, अक्षरं ११. तेच मराठीत: 'रामाच्या घरात एक गाय आहे'. शब्द ५, अक्षरं १२. हिंदीत 'के', 'में' सुटे उभे राहतात, आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि वर मूळ शब्दाचं रूपही बदलतो. 'मळ्यातल्यांनासुद्धा' हा एक शब्द. साठ शब्दांची फूटपट्टी दोन्हीकडे सारखी लावली तर मराठी मूल जास्त चालून कमी अंतर भरणार. मी आजपासून अक्षरंही मोजणार.

आणि सामान्यरूप! 'सातारा' सगळ्यांना वाचता येतो. 'साताऱ्याला' आलं की निम्मा वर्ग गळतो. आपल्याच जिल्ह्याचं नाव, पण प्रत्यय लागला की त्यात 'ऱ्या' घुसतो. रफाराचा 'र्या' वेगळा, हा वेगळा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे आपल्या डोंगरातल्या. फळ्यावर दोन्ही लिहून तासभर गेला. चौथीतल्या एकीनं विचारलं, "बाई, 'र'ला एवढी सोंगं का?" प्रकार, दर्या, ट्रक, दऱ्या. खरंच, का?

१५ सप्टेंबर

मागच्या नोंदीत घाई झाली. आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत विषय काढला तेव्हा एका सरांनी लक्षात आणून दिलं: २०२२ च्या पायाभूत अध्ययन पाहणीत तिसरीच्या मुलांच्या वाचनाचे निकष वीस भाषांसाठी वेगवेगळे ठरवले होते, त्यात मराठीही आहे. म्हणजे वर बसलेल्यांना हे कळतं. माझ्या हातात आलेल्या तक्त्यावर मात्र सगळ्यांना साठ. कळलेलं खाली उतरताना वाटेत कुठे सांडतं कोण जाणे.

१० ऑक्टोबर

मतदार यादीचं काम, अकरा दिवस. वही कोरी.

१३ नोव्हेंबर

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. ओढ्याच्या पलीकडे कोप्या पडल्यात, बीडकडची ऊसतोड टोळी. सर आणि मी संध्याकाळी जाऊन आलो. शाळेच्या वयाची चार मुलं. तिघांचं नाव घातलं. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत दाखवायला मिळतं ते) कुणाकडेच नाही, म्हणून इयत्ता मुलांना विचारून ठरवली. एक मुलगी म्हणाली तिसरी. "पर मी रोज न्हाई येणार, आय उसाला जायलीय, बारकं कोण बघंल?" म्हटलं, बारक्यालाही आण.

तर आता माझ्या वर्गात दोन वर्षांचा एक गृहस्थ आहे. खडू खातो.

मुलगी शब्द वाचते, उतारा नाही. गणितात मात्र माझ्या चौथीला ऐकत नाही, दिवसाला मोळ्या किती, उचल किती, फिटली किती, सगळं तोंडी. तिच्यासाठी वेगळं पान उघडलं.

१६ डिसेंबर

यात्रेचे दिवस, हजेरी निम्मी. शाळेशेजारचे आजोबा ओट्यावर येऊन बसले. वय पंच्याऐंशीच्या पुढे. ते ग्रामशिक्षण मोहिमेत शिकले. ही मोहीम १९५९ साली साताऱ्यातूनच सुरू झाली. कंदिलाच्या उजेडात देवळात वर्ग भरायचा आणि सगळं गाव शिकलं की समारंभ व्हायचा, असं ते सांगतात. पोथी काढून त्यांनी अभंग वाचून दाखवले, सुरेख, न अडता. मी आजचा पेपर दिला. पहिल्याच मथळ्यावर बोट ठेवून थांबले. एकेक अक्षर लावत तो पूर्ण केला, आणि हसले. "पाठ हाय त्ये पळतंय, न्हाय त्ये रांगतंय." पुसेगाव-पुसेसावळीचा खेळ त्यांना सांगितला. फार आवडला.

माझ्या मनात आलेला हिशेब वेगळा. शिकल्यानंतर साठ-पासष्ट वर्षं त्यांच्या घरात पोथी आणि कॅलेंडर याशिवाय छापील काय आलं असेल?

५ जानेवारी २०२६

साताऱ्यातल्या ९९व्या साहित्य संमेलनाला जाऊन आले. परिसंवाद एकही ऐकला नाही, पुस्तकांच्या गाळ्यांतच दिवस गेला. खिशात व्यवस्थापन समितीनं दिलेले दोन हजार आणि माझे पाचशे. हवं होतं ते असं: पानावर दोन-तीन ओळी, अक्षर मोठं, जोडाक्षरं थोडी, आणि गोष्ट मात्र दहा वर्षांच्या पोराला बाळबोध वाटणार नाही अशी. पहिली तीन सापडतात, चौथी अट घातली की विक्रेता डोकं खाजवतो. सोप्या पुस्तकांत ससुले आणि मनीमाऊ. माझा पोरगा लांडग्यापासून मेंढरं राखतो, त्याला ससुला देऊ? शेवटी नऊ पुस्तकं आणली, त्यातली चार बरी.

बाकीची घरी बनवायची ठरलं. तो बोलला, मी लिहिलं, त्यानं वाचलं. 'रात्री कुत्रं भुकलं. आबा उठला. लांडगं पळालं.' सहा पानं झाली. भिलार हे पुस्तकांचं गाव आमच्याच जिल्ह्यात, तिथली घरंच्या घरं पुस्तकांनी भरलेली. पण पोरानं सगळ्यात जास्त वेळा वाचलंय ते हे स्टेपल मारलेलं.

२४ फेब्रुवारी

ऑनलाइन माहिती भरायची. प्रत्येक मुलापुढे 'निपुण' किंवा 'निपुण नाही'. मधलं काही नाही.

तिसरीतली मुलगी: ४१ शब्द, समजून. निपुण नाही. 'पुसेगाव'वाला: २६, पण आता पुसेसावळी वाचताना थांबतो, परत मागे जातो आणि खरं वाचतो. वेग ऑक्टोबरपेक्षा कमी झाला, कारण अंदाज सोडला. माझ्या मते ही वर्षातली सगळ्यात मोठी प्रगती, माहितीत ती घट दिसेल. निपुण नाही. थोराड पोरगा चौथीचा, त्याचा रकानाच नाही.

एका सहकाऱ्यानं फोनवर सुचवलं, "लिहून टाका की निपुण, कोण बघतंय?" लिहिलं नाही. पुढच्या वर्षी याच आकड्यांवर कुणीतरी धोरण ठरवणार आहे.

१२ मार्च

टोळी परवा रात्री गेली. मुलीचं पान ९ फेब्रुवारीला संपतं. उतारा वाचला होता, जोडाक्षरं राहिली. तिच्या गावच्या शाळेसाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती, ती माझ्याकडेच आहे. मुकादमाचा नंबर लागत नाही.

थोराड पोरगा जूनला शेजारच्या गावच्या हायस्कूलला पाचवीत जाईल. दाखल्याबरोबर तिथल्या वर्गशिक्षकांसाठी एक पान देणार आहे. मसुदा:

'स.न. सुट्या अक्षरांत अडचण नाही. पहिली वेलांटी येते, घाईत चुकते. दोन्ही उकार अजून कच्चे. रफार आणि ऱ्य राहिले आहेत. बाराखडी म्हणायला लावू नये, ती त्याला पाठ आहे. सगळ्यांसमोर वाचायला देण्याआधी एकदा एकट्याला वाचू द्यावं. न्हाय, पानी म्हणाला तर पुढे जाऊ द्यावं. सोबत त्याचं पुस्तक जोडलं आहे, पाने ६. दिवाळीच्या आसपास महिनाभर तो मेंढरांबरोबर असेल, तेव्हा नाव कमी करू नये, परत येतो.'